डबलसीटचा हिशेब

“फुल काढायचा का थर्ड पार्टी?”

पुण्यात संगम पुलाजवळच्या आरटीओच्या आसपास पीयूसीच्या व्हॅन उभ्या असतात. सायलेन्सरमध्ये नळी घालून धूर तपासायचा आणि जोडीला विमाही काढून द्यायचा, असा त्यांचा जोडधंदा. हा प्रश्न तिथे दिवसभर ऐकू येतो, आणि उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलं असतं. माझ्यासमोर ज्यांना तो विचारला गेला ते पन्नाशीतले गृहस्थ स्कूटरवरून उतरलेही नव्हते. मागे बायको, तिच्या मांडीवर भाजीची पिशवी. “पोलिसांनी धरू नये एवढ्यापुरतं करून द्या,” ते म्हणाले. व्हॅनमधल्या पोरानं मोबाइलवर गाडीचा नंबर टाकला, पीडीएफ आली, आठशे त्रेचाळीस रुपये यूपीआयनं गेले आणि दोघं निघूनही गेले.

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय ‘भरवसा’ असल्याचं कळवलं, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा नातीगोती, देवधर्म, फार तर राजकारण असावं. मला ही पीडीएफ आठवली. घरात दुचाकी असलेला माणूस वर्षातून एकदा रोख मोजून भरवसा विकत घेतो आणि काय विकत घेतलं ते वाचत नाही. स्वस्त आणि खात्रीचा विमा कुठे मिळेल, हे विचारायला म्हणून मी बाहेर पडले. विकणारे, दुरुस्त करणारे आणि कोर्टात भांडणारे असे सगळे भेटल्यावर त्या प्रश्नाआधीचा एक प्रश्न समोर आला. स्वस्तातल्या स्वस्त विम्यात घरातलं कोण कोण बाहेर राहतं?

सगळीकडे एकच भाव

थर्ड पार्टी विम्यासाठी दहा ठिकाणी भाव विचारत बसण्यात अर्थ नाही. तो भाव कंपनी ठरवतच नाही. केंद्र सरकारचं रस्ते वाहतूक मंत्रालय विमा नियामकाशी, म्हणजे हैदराबादच्या आयआरडीएआयशी, सल्लामसलत करून तो जाहीर करतं. जून २०२२मध्ये लागू झालेल्या दरांनुसार ७५ सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला ५३८ रुपये, त्यापुढे १५० सीसीपर्यंत ७१४, ३५० सीसीपर्यंत १,३६६ आणि त्याच्याही वर २,८०४ रुपये. वर १८ टक्के जीएसटी. ७१४ वर जीएसटी चढवला की व्हॅनमधले आठशे त्रेचाळीस होतात. आपल्याकडची ‘साडेतीनशे’ बुलेट प्रत्यक्षात ३४९ सीसीची असते, त्यामुळे ती १,३६६ मध्ये बसते. साडेचारशे-साडेसहाशेच्या गाड्यांना थेट दुप्पट पडतात. विजेच्या दुचाकींना याच हिशेबात १५ टक्के सवलत आहे.

म्हणून कुणी ‘आमच्याकडे थर्ड पार्टी स्वस्त’ असं सांगितलं, तर आधी शंका घ्यावी. बनावट पॉलिस्यांचे गुन्हे पोलिसांत नोंदले जातात, आणि सावज असतं ते हेच गिऱ्हाईक: कागद दाखवण्यापुरता हवा असलेलं. पॉलिसी खरी असेल तर तिची नोंद गाडीच्या नंबराखाली एमपरिवहन ॲपवर दिसते. काढल्यानंतर एकदोन दिवसांत ती बघून घ्यावी. बघायला पैसे पडत नाहीत.

विमा नसेल तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनुसार पहिल्यांदा २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, पुढच्या खेपेला ४,००० रुपये. तरीही संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीनं २०२४मध्ये नोंदवलं, की देशातली निम्म्याहून जास्त वाहनं विम्याशिवाय रस्त्यावर आहेत. त्यांत दुचाकींचा भरणा मोठा, हे सांगायला समितीची गरज नाही. नवी गाडी घेतली की पहिली काही वर्षं विमा असतो. मग गाडी जुनी होते, धाकट्या भावाकडे जाते, गावाकडे जाते, आणि विमा मागेच राहतो.

शिवाजीनगरच्या कोर्टात

मोटार अपघात दावा न्यायाधिकरण हे भारदस्त नाव असलेलं कोर्ट शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयातच चालतं. बाहेरच्या बाकांवर पट्टी बांधलेले, काठी टेकत आलेले, नवऱ्याचा फोटो पर्समध्ये घेऊन आलेल्या बायका, असे लोक बसलेले असतात. कंपन्यांचे वकील आणि दावेदारांचे वकील एकमेकांना नावानं ओळखतात. त्यातल्या दावेदारांकडून लढणाऱ्या एका वकीलबाईंना मी व्हॅनजवळच्या जोडप्याचं सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “मागे बसलेल्या बाईंचं काय?”

सक्तीचा विमा मुळात आपल्यासाठी नसतोच. आपल्या गाडीनं दुसऱ्या कुणाला उडवलं, तर त्या माणसाला किंवा त्याच्या वारसांना भरपाई मिळावी, यासाठी कायदा तो काढायला लावतो. मृत्यू आणि दुखापतीसाठी त्यात रकमेची मर्यादा नाही. मालमत्तेचं नुकसान मात्र दुचाकीच्या बाबतीत एक लाखापर्यंतच. गाडीवानाकडे लायसन नसलं तरी कोर्ट बऱ्याचदा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि नंतर ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची सोय कायद्यानं बऱ्यापैकी केली आहे.

मागच्या सीटवरची बायको या हिशेबात अनोळखी नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००६मध्ये तिलक सिंग खटल्यात स्पष्ट केलं, की केवळ कायद्यापुरत्या पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेल्याची जबाबदारी कंपनीवर येत नाही. हाच माणूस ‘फुल’ म्हणजे पॅकेज पॉलिसी असलेल्या गाडीवर बसला असेल तर मात्र येते; नियामकानं २००९मध्ये परिपत्रक काढून तसं कंपन्यांना बजावलं आणि २०१२मध्ये बालकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानंही तेच धरून ठेवलं. रस्ता तोच, खड्डा तोच. डबलसीट बसलेल्या माणसाला काय मिळणार, ते पुढे बसलेल्यानं आरटीओबाहेर दोन शब्दांतला कुठला शब्द उच्चारला होता यावर ठरतं.

पुढे बसलेल्याचं स्वतःचं काय? त्याच्यासाठी ‘ओनर-ड्रायव्हर’ अपघात कव्हर असतं. पूर्वी दुचाकीला ते एक लाखाचं होतं. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१८मध्ये ते १५ लाखांवर गेलं. वर्षाला काही शे रुपयांत मिळतं. मालकाकडे आधीच तेवढा वेगळा अपघात विमा असेल तरच ते टाळता येतं. व्हॅनमधला पोरगा ‘दुसरीकडे विमा आहे’ या चौकोनात टिक करून टाकतो, कारण गिऱ्हाइकाला आठशे त्रेचाळीसच्या वर द्यायचे नसतात. आहे का, हे विचारलेलंही मी ऐकलं नाही.

आणि नावातच अट आहे. गाडी ज्याच्या नावावर त्यालाच हे कव्हर, तेही त्याच्याकडे चालू लायसन असेल तर. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर असते आणि कॉलेजला मुलगा नेतो. कर्ज आईच्या पगारावर मिळालं म्हणून आरसी तिच्या नावावर, आणि तिला सायकलही येत नाही. असा मुलगा एकटाच घसरून पडला, तर तो ‘ओनर’ नाही आणि कायद्याच्या लेखी ‘थर्ड पार्टी’ही नाही. मालकाची गाडी मागून घेऊन चालवणारा मालकाच्याच जागी उभा असतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२०मध्ये रामखिलाडी खटल्यात म्हटलं आहे. वकीलबाई म्हणाल्या, “अशा पोरांच्या आईबापांना हे समजावून सांगणं हा माझ्या कामातला सगळ्यात वाईट भाग.”

केंद्राच्या २०२२च्या आकडेवारीत रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. तेव्हा आपल्या गाडीनं दुसऱ्याचं काय होईल याइतकंच, त्या गाडीवर बसलेल्या आपल्या माणसांचं काय होईल, हे बघून विमा काढायला हवा.

शोरूममधली टोपणओळ

ऑन-रोड किंमत सांगताना सेल्समन ज्या कागदावर आकडे मांडतो, त्यात एक्स-शोरूम, टॅक्स, ॲक्सेसरीज यांच्या मधोमध ‘इन्शुरन्स’ अशी एक ओळ असते. त्या ओळीत तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे १ सप्टेंबर २०१८पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. १५० सीसीपर्यंतच्या गाडीला ३,८५१ रुपये अधिक जीएसटी. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र साधारण एकाच वर्षाचा असतो. अपघात कव्हर एकाचं की पाचाचं, ते घेऊ तसं.

घरी येताना डोक्यात राहतो फक्त पाचाचा आकडा. शहरातल्या एका शोरूममध्ये दुरुस्तीला आलेल्या गाड्यांच्या रांगेत उभी असताना मी हा संवाद ऐकला. मुलीची स्कूटर पीएमपीच्या बसला घासली होती. “पाच वर्षांचा विमा आहे ना हो, तिसरंच वर्ष चालू आहे.” काउंटरवरची मुलगी थकलेल्या सुरात म्हणाली, “काका, तो थर्ड पार्टीचा. तुमचा ओन डॅमेज पहिल्या वर्षीच संपला.” हे ती दिवसातून किती वेळा सांगत असेल, ते तिच्या आवाजावरून कळत होतं. सप्टेंबर २०१९पासून हा ओन डॅमेजचा भाग सुटा विकत घेता येतो, आणि तो त्याच कंपनीकडून घ्यायचीही सक्ती नाही. शोरूमकडूनच विमा घ्या, हीसुद्धा सक्ती नाही. शोरूमवाल्यांना ते माहीत असतं. गिऱ्हाईक बाहेरून कोटेशन घेऊन आलं की त्यांचा आकडा पटकन खाली येतो, हा पुण्यात गाडी घेणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव आहे. तेवढ्यासाठी तरी एक कोटेशन खिशात ठेवावं.

दोनशे छप्पन रुपयांची बचत

कंपन्यांमध्ये खरी चढाओढ चालते ती या ओन डॅमेजवर. २००७पासून त्याचे दर मोकळे झाले. म्हणून ऑनलाइन बघितलं तर एकाच गाडीला नऊशे, अकराशे, पंधराशे असे आकडे दिसतात. लोक पहिला घेतात. तो कमी का आहे, हे बघायला एकच खूण पुरते: आयडीव्ही.

आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर कंपनी जास्तीत जास्त देईल ती रक्कम. ती गाडीच्या वयानुसार उतरते: एक ते दोन वर्षांच्या गाडीला किमतीतून २० टक्के वजा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. पाच वर्षांनंतर कंपनी आणि मालक यांच्यात ठरेल ती. हप्ता या रकमेच्या टक्केवारीत असतो, म्हणून रक्कम खाली ओढली की हप्ता उतरतो. किती? दर मोकळे होण्याआधी पुण्या-मुंबईसारख्या शहरांत १५० सीसीपर्यंतच्या नव्या गाडीला १.७०८ टक्के हा दर होता. आज तोच धरला, तर आयडीव्ही ४५,००० वरून ३०,००० वर आणल्यानं वाचतात २५६ रुपये. गाडी चोरीला गेली तर जातात १५,०००. आज कंपन्या त्या जुन्या दरावर भरघोस सूट देतात, म्हणजे बचत आणखी कमी. एजंट मात्र ‘मी तुमचे अडीचशे वाचवले’ असं सांगू शकतो, आणि ते खोटंही नसतं.

नो क्लेम बोनसचं प्रकरण याच्या उलट. क्लेम न करता वर्ष गेलं तर ओन डॅमेजच्या हप्त्यात २० टक्के सूट, पुढे २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. कारवाल्यांसाठी ही सूट मोठी, आणि कारवाल्यांची भीती दुचाकीवाल्यांनीही उचलली आहे. चाळीस हजारांच्या गाडीचा ओन डॅमेज हप्ता त्या जुन्या दरानं ६८३ रुपये. त्याचे २० टक्के म्हणजे १३७. एवढ्यासाठी चार हजारांची दुरुस्ती खिशातून करणारी सुशिक्षित माणसं मला भेटली. बोनस गाडीचा नसून माणसाचा असतो, गाडी विकली तरी पत्र घेऊन नव्या गाडीला लावता येतो, हे त्यांतल्या कुणालाच माहीत नव्हतं. विमा संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही तर तो बुडतो, हेही नाही. आणि एक धोका: आधी क्लेम घेतलेला असताना ‘बोनस आहे’ असं सांगून हप्ता कमी करून देणारे महाभाग असतात. क्लेमच्या वेळी कंपनी जुन्या कंपनीकडे चौकशी करते, आणि खोटं बोलणारा म्हणून नाव गिऱ्हाइकाचं लागतं.

नाना पेठेतलं प्लास्टिक

नाना पेठेत दुचाकींच्या सुट्या भागांची दुकानं आहेत. छतापासून टांगलेले मडगार्ड, व्हायझर, साइड पॅनेल, इंडिकेटर. आजच्या स्कूटरमध्ये किती प्लास्टिक आहे ते इथे कळतं. गाडी आडवी पडली की पहिल्यांदा हेच फुटतं, आणि विम्याच्या नियमांत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांचा घसारा सरसकट ५० टक्के आहे, गाडी पहिल्या महिन्यातली असली तरी. लोखंडी भागांचा घसारा वयानुसार चढतो, काचेला घसारा नाही. म्हणून साडेसहा हजारांचं बिल लावून बसलेल्या माणसाच्या हातात साडेतीन पडतात, आणि तो आयुष्यभर सांगत फिरतो की विमावाले लुबाडतात.

त्याला उपाय झिरो डेप, म्हणजे हा घसारा न कापणारं कव्हर. त्यासाठीचे जास्तीचे शे-दोनशे रुपये लोकांना उधळपट्टी वाटतात. माझ्या मते नव्या स्कूटरला पहिली तीन-चार वर्षं तरी हेच एक ॲड-ऑन घेण्यासारखं आहे. बाकीच्या यादीतलं बरंचसं सोडून द्यावं. फक्त ज्यांच्या पार्किंगमध्ये पाणी शिरतं त्यांनी इंजिन प्रोटेक्टचा विचार करावा. २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत मुठेचं पाणी शिरलं आणि गाड्या बुडाल्या. पूर हा ओन डॅमेजमध्ये येतो. थर्ड पार्टीवाल्याला काहीच नाही. पण पाणी ओसरल्यावर ‘चालू होते का बघू’ म्हणून मारलेल्या बटनानं इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर ते नुकसान पुराचं नाही, तुमचं, असं कंपनी म्हणू शकते. तिथल्या एका मेकॅनिकचं म्हणणं: “बुडालेल्या गाडीला किक मारायची नाही. फोटो काढायचे, टेम्पोत घालायची, इकडे आणायची.”

खात्रीची कंपनी कोणती, हे मी त्यालाच विचारलं, कारण जाहिरातीतल्या ‘९८ टक्के क्लेम मंजूर’ अशा आकड्यांवर माझा विश्वास नाही. मंजूर म्हणजे किती रुपयांना मंजूर, हे त्यात नसतं. त्यानं नावं घेतली नाहीत, पण रीत सांगितली. ज्या सर्व्हिस सेंटरला तुम्ही खरोखर गाडी नेता, तिथल्या क्लेम बघणाऱ्या माणसाला विचारायचं: कुणाचा सर्व्हेयर दुसऱ्या दिवशी येतो, कुणाचा फोनच लागत नाही, कुणाचं कॅशलेस इथे चालतं. पुण्यात एकीचं चांगलं चालतं, ती बार्शीत किंवा कुडाळात कुणाला माहीतही नसते. नियामकानं २०२४मध्ये कंपन्यांना सर्व्हेयर नेमण्यापासून अहवालापर्यंत मुदती घालून दिल्या, कागद अपुरे म्हणून क्लेम नाकारू नका असंही सांगितलं. तरी माणूस वेळेवर येतो की नाही ते गल्लीतच कळतं.

चोरीचं वेगळं. कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. दुसरी चावी हरवलेले लोक इथे हमखास अडकतात, म्हणून ती हरवली तर तेव्हाच पोलिसांत नोंद करून ठेवावी. मग एफआयआर, आणि तपास लागला नाही असं सांगणारी ‘ए समरी’. ती मिळेपर्यंत महिने जातात. कंपनीला कळवायला उशीर झाला, एवढ्याच कारणावरून चोरीचा खरा क्लेम नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२मध्ये सांगितलं, पण तिथेही पोलिसांकडे लगेच गेलं होतं हे महत्त्वाचं ठरलं.

कंपनीनं नाकारलंच तर लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. महाराष्ट्रात मुंबईला आणि पुण्याला कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही.

टीटी फॉर्मवर सही

जुनी गाडी विकताना आपण टीटी फॉर्मवर सह्या करतो, पैसे घेतो, पेढा खातो. नावावर करून घेण्याचं काम घेणाऱ्यावर सोपवतो, आणि तो ते करत नाही. २०१८च्या नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक. मधे गाडी चार हातांतून फिरली असली तरी भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. घेणाऱ्याचंही नुकसान होतं. विक्रीबरोबर थर्ड पार्टीचा भाग आपोआप नव्या मालकाकडे जातो, ओन डॅमेज जात नाही. चौदा दिवसांत कंपनीला कळवून नाव बदललं नाही, तर ‘फुल’ असलेल्या गाडीचा क्लेम कुणालाच मिळत नाही: जुन्याची गाडी नाही, नव्याची पॉलिसी नाही.

मागे बॅग बांधलेला

खाजगी दुचाकीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. भाड्यानं चालवायची नाही. स्वतःचं सामान आणि नमुने सोडून मालवाहतूक करायची नाही. महाराष्ट्रात पहाटे दुधाचे कॅन, दिवसा कुरिअर आणि रात्री जेवणाची पार्सलं कशावरून जातात, हे ज्यानं ही ओळ लिहिली त्यानं कधी पाहिलं नसावं. कंपन्या दर वेळी या कलमावर बोट ठेवत नाहीत, पण ठेवू शकतात.

त्याच व्हॅनजवळ असा एक मुलगा आला. मागे मोठी चौकोनी बॅग, विमा संपायला दोन दिवस. व्हॅनवाल्यानं विचारलं, फुल का थर्ड पार्टी. मुलानं उलटा प्रश्न केला: “पार्सल असताना पडलो तर फुलमध्ये मिळेल का?” व्हॅनवाला प्रामाणिक होता. “गॅरंटी नाही.” “मग फुल कशाला?” यावर माझ्याकडेही उत्तर नव्हतं. “मग निदान पंधरा लाखांचं अपघाताचं टाक,” व्हॅनवाला म्हणाला, आणि त्यानं आरसी उघडली. गाडी चुलत्याच्या नावावर होती.

मी मधे पडले. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेचं सांगितलं: बँक खात्यातून वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०, गाडी कुणाचीही असो, पुढे बसा नाही तर मागे. दोन लाख म्हणजे पंधरा नव्हेत, पण त्याला लागू होणारं स्वस्त असं हेच होतं. शिवाय टपाल खात्याच्या पेमेंट्स बँकेतून काही शे रुपयांत मोठ्या रकमेचा अपघात विमा मिळतो, तेही सांगितलं. त्यानं तिथेच बँकेचं ॲप उघडून जुने व्यवहार सरकवायला सुरुवात केली. मे महिन्याच्या अखेरीस एक ओळ होती, २० रुपये वजा. आदल्या वर्षीच्या मेमध्येही.

“हे ते होय? मला वाटलं बँकेचा चार्ज आहे.”

नॉमिनी कोण लावलाय, ते त्याला आठवत नव्हतं. खातं बारावीत असताना उघडलं होतं, फॉर्म शाळेत आलेल्या माणसानं भरला होता. त्यानं थर्ड पार्टीचे आठशे त्रेचाळीस भरले आणि बँक किती वाजेपर्यंत उघडी असते, ते व्हॅनवाल्याला विचारलं.